उपग्रह आणि आईची परात

"आलं का?" आणि "न्हाई." त्या आठवड्यात आमच्या घरात या पलीकडे फारसं बोलणं झालं नाही. मी आणि काका धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, आणि खाली चुलीपाशी आई. तिला दोघांचंही ऐकू यायचं आणि दोघांचाही वैताग यायचा.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. धाब्यावर उभं राहिलं की खर्ड्याच्या किल्ल्याचा बुरूज दिसतो, इतक्या अंतरावर आमचं गाव. दसरा उलटला की निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची आणि गाव कसं भादरल्यासारखं दिसायचं. मी नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. भूगोल शिकवायचे. पृथ्वीच्या गोलावर बोट फिरवत पोरांना अक्षांश-रेखांश सांगायचे आणि त्यांनी जांभया दिल्या की चिडायचे. चिडणं माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचं, अजूनही असतं.

माझा थोरला भाऊ, दादा, जहाजावर खलाशी होता. आमच्याकडची माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. समुद्रावर गेलेला हा पहिलाच. तो तिथवर कसा पोचला ती वेगळी कहाणी आहे, पण गेला खरा, आणि गावात आम्ही एकदम "जहाजवाले" झालो. दादा हसायला लागला की पलीकडच्या आळीत कळायचं. वडील म्हणायचे, हा मेला तरी हसतच मरंल. मग वडीलच गेले, आणि दादा तेव्हा भर समुद्रात होता. त्याला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पुढे सुट्टीवर आला, दोन महिने ओट्यावर बसून राहिला, आणि परत गेला. त्या दोन महिन्यांत तो एकदाही हसला नाही.

तेव्हापासून त्याचा फोन आला की आई मलाच पुढे करायची. स्टँडजवळच्या फोनच्या बूथवर मी काचेच्या आत उभी, आई बाहेर. मी बोलून बाहेर आले की ती एकच विचारायची, "हसला का?" मी म्हणायचे, "न्हाई." मग ती पदर नीट करून चालायला लागायची. पोराला काय झालंय, पगार मिळतो का, जेवतो का, यातलं काहीही ती विचारत नसे. तिच्या लेखी त्या एका गोष्टीत सगळं आलं होतं.

त्या रविवारी दादाचा फोन आफ्रिकेतल्या डर्बन बंदरातून होता. आवाज असा की विहिरीतून बोलतोय. म्हणाला, जहाज आठवडाभर इथंच आहे, पुढच्या रविवारी सकाळी फोन करतो, मग लांबचा पल्ला आहे, फोन कधी होईल सांगता येत नाही. मी काहीबाही विचारत राहिले. मधेच तो म्हणाला, "चहूकडं पानीच हाय गं. झोपताना कुटं तोंड करून झोपायचं तेच कळत न्हाई." खलाशी माणूस, होकायंत्र रोज डोळ्यांपुढे, आणि म्हणतो दिशा कळत नाही.

मग त्यानंच तो विषय काढला. सुट्टीवर येताना त्यानं जहाजावरचं एक जुनं यंत्र आणलं होतं. नवं आल्यावर साहेबानं ते त्याला देऊन टाकलेलं. आभाळातल्या उपग्रहांवरून आपण पृथ्वीवर नेमके कुठं आहोत ते सांगणारं, हातात मावणारं यंत्र. सुट्टीत त्याला ते चालू करायचं मनच झालं नव्हतं. ट्रंकेत टाकून गेला होता. आता या खेपेला त्यानं स्वतः एक नवं, लहानसं घेतलं होतं, आणि त्यात एक सोय होती. एखाद्या जागेचे आकडे त्यात घातले की जगात कुठंही असलो तरी ती जागा कुठल्या बाजूला आहे, किती लांब आहे, ते बाण दाखवून सांगतं. "आपल्या घराचे आकडे पायजेत मला," तो म्हणाला. ट्रंकेतल्या यंत्रात पेन्सिल सेल घाल, मोकळ्यावर ने, त्याचं ते शोधंल. एवढं सांगेपर्यंत त्याचं कार्ड संपलं.

मी बाहेर आले. आईनं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "हसला न्हाई, पण काहीतरी मागितलंय." वडील गेल्यापासून त्यानं काही मागितल्याचं ते पहिलंच.

घरी येऊन ट्रंक उपसली. यंत्र सापडलं ते दादाच्या लोकरी टोपीत गुंडाळलेलं. काळं, भाजक्या विटेच्या अर्ध्या तुकड्याएवढं, रबरी बटणांचं, काचेवर दोन ओरखडे. मी सेल घातले, बटण दाबलं, आणि काच हिरवट उजळली. आई दचकून मागे सरली. मी मात्र आनंदानं ओरडलेच. ज्या वस्तूला अटलांटिक समुद्र ठाऊक होता ती आमच्या कंदिलाशेजारी बसून माझ्याकडे बघत होती.

यंत्रानं पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारला तो असा की आपण कोणत्या देशात आहोत? वर्षभर सेलांवाचून पडून त्याची सगळी आठवण पुसली गेली होती. देशांची यादी आली. अ पासून सुरू. मी बटण दाबत गेले. न ऐकलेले देश एकामागून एक सरकत होते, आणि इंडिया आला तेव्हा मला गावातलं माणूस परक्या स्टँडवर भेटावं तसं झालं. दाबलं. मग काचेवर एक वर्तुळ उमटलं, वर्तुळात उपग्रहांचे आकडे, आणि खाली ओळीनं रिकाम्या पट्ट्या. उपग्रह सापडला की त्याची पट्टी काळी भरणार, हे माझ्या मीच ताडलं.

पट्ट्या भरल्या नाहीत. सोमवारी शाळेतून आल्यावर मी अंगणातल्या लिंबाखाली सावलीत बसून वाट पाहिली. चहा झाला, भांडी झाली, पट्ट्या रिकाम्याच. शेवटी यंत्रानं विचारलं, तुम्ही घरात आहात का? मी रागानं नाहीचं बटण दाबलं. पुन्हा थोड्या वेळानं तेच. घरात आहात का? मास्तरीणबाईंना कोणी एकच प्रश्न दोनदा विचारलेला चालत नाही. मी ते बंद करून आईच्या पुढ्यात आपटणार होते, पण ते दादाचं होतं.

तेवढ्यात काका आले. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वायरमन म्हणून निवृत्त झालेले, आणि पंचक्रोशीत टीव्हीच्या अँटेनातले शेवटचे न्यायाधीश. कोणाच्याही घरी चित्रावर मुंग्या आल्या की काकांना बोलावणं. ते धाब्यावर चढून बांबू पिळायचे, खालून घरच्यांनी ओरडायचं, आलं, गेलं, आलं, थांबा, गेलं. ऐन सामन्याच्या वेळी काकांचा मान सरपंचापेक्षा जास्त असे. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, कानाला लावलं आणि निदान सांगितलं, "उंची कमी पडतीय."

तर यंत्र धाब्यावर गेलं. मी मातीत मांडी घालून बसले आणि काका ते हातात धरून वाऱ्याच्या दिशेला, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, टीव्हीच्या मनोऱ्याच्या दिशेला असं फिरवू लागले. गावातल्या सगळ्या अँटेना मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या असायच्या, तेव्हा त्यांचं पाहून काकांनी यंत्राचंही तोंड तिकडेच केलं. मी म्हटलं, काका, उपग्रह मनोऱ्यावर नसतो, आभाळात असतो. काका जरा थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर विचार येताना मला स्पष्ट दिसला. ते म्हणाले, "मग डिश लागंल."

जामखेडला केबलवाल्याच्या गच्चीवर त्यांनी डिश पाहिली होती. मोठी वाटी आभाळाकडे तिरकी, आणि वाटीच्या समोर दांडीवर एक बोंडूक, मुठीएवढा गोळा, वाटीकडे तोंड करून. आभाळातलं वाटीत पडतं आणि वाटीतलं बोंडूक टिपतं, असं त्यांनी मला समजावलं. आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. इतका वेळ आम्हाला सुचलं कसं नाही! भूगोलाच्या पुस्तकात डिशचं चित्र होतं, मी पोरांना फळ्यावर काढूनही दाखवलं होतं.

वाटी म्हणून काकांनी खाली जाऊन आईची जर्मनची परात उचलली. जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमची. आमच्याकडे तसंच म्हणतात. लग्नात आलेली, तळाला पोचे पडलेली, घरातली सगळ्यात मोठी. आई म्हणाली, भावजी, मला भाकरीचं पीठ मळायचंय. काका म्हणाले, पोराच्या कामाला हाय. तिनं ताटलीत पीठ मळलं, तिथंच भाकरी थापल्या, आणि त्या रात्रीच्या भाकरीला कड नव्हती.

मंगळवारपासून आमच्या धाब्यावर डिश उभी राहिली. बांबूला सुतळीनं बांधलेली परात, तिच्या पुढ्यात बांबूच्याच आडव्या फाट्यावर बांधलेलं यंत्र, तोंड परातीकडे, पाठ आभाळाकडे. लांबून मोठं झकास दिसायचं. मी शाळेतून धावत यायचे, दप्तर टाकायचे आणि शिडीवर. काका परात एक वीत फिरवायचे, मी मान वाकडी करून काचेत डोकावायचे.

"आलं का?"

"न्हाई."

पुन्हा एक वीत. टीव्हीच्या अँटेनाला फिरवलं की लगेच कळतं, चित्र आलं की गेलं. आम्ही त्याच हिशोबानं चाललो होतो. थोडं थांबायचं, नाही आलं की फिरवायचं. पूर्व झाली, आग्नेय झाली, दक्षिण झाली. बुधवारी एक पट्टी एकदम निम्मी काळी झाली. मी ओरडले, काका जागच्या जागी गोठले, एक पाय उचललेला तसाच. आई खालून शिडीला येऊन चिकटली. आम्ही तिघं श्वास रोखून, आणि पट्टी हळूहळू रिकामी झाली. काका म्हणाले, "हुता, हुता, इकडंच कुटंतरी हुता," आणि त्यांनी परात पुन्हा फिरवायला घेतली.

ते दिवस मला अजून आठवले की उडी मारावीशी वाटते. गावभर बातमी झाली होती. कोणी म्हणे जहाज दिसणार, कोणी म्हणे बिनपैशाची केबल. शेजारचे म्हातारबा संध्याकाळी घोंगडी घेऊन आले आणि सामना किती वाजता आहे विचारू लागले. मी वर्गात गोल टेबलावर ठेवला आणि पोरांना सांगितलं, आपल्या गावाचा अक्षांश कोणत्याच पुस्तकात नाही, तो आमच्या धाब्यावर येणार आहे. त्या दिवशी एकानंही जांभई दिली नाही.

शनिवार आला तरी पट्टी काही भरली नव्हती. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन. सेल दोनदा बदलून झाले होते. संध्याकाळी मी आणि काका कडाकडा भांडलो. मी म्हटलं, तुम्ही घडीभर एका जागी ठेवत नाही. ते म्हणाले, तूच म्हणतीस फिरवा फिरवा. दोघांचंही खरं होतं. मी खाली उतरले, भिंतीला टेकून बसले आणि रडायला आलं. उद्या काचेच्या खोक्यात उभं राहून मी त्याला काय सांगणार होते? त्यानं वर्षात एकच गोष्ट मागितली, आणि ती घराचा पत्ता होती, आणि तो आम्हाला घरात बसून सांगता येत नव्हता.

आई चुलीत काटक्या सारत होती. ती माझ्याकडे न बघताच बोलू लागली. म्हणाली, "तुजा बाप तोडीला जायाचा तवा मला ठाव असायचं. कोल्हारकडं हाय म्हंजी त्या बाजूला. सांजंला दारात हुभी ऱ्हायले की तिकडं बघायची. नुसतं बघितलं तरी बरं वाटायचं." मग फुंकणीनं दोनदा फुंकलं आणि म्हणाली, "ह्या पोरासाठी दारात हुभी ऱ्हाती, पर तोंड कुटं करू?"

आमच्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. पाहुणे म्हणून तुम्ही तिला विचाराल, मालक कुठं आहेत, तर ती कारखान्याचं नाव आधी सांगत नाही, आधी हात करते. ते आकडे फक्त दादालाच नव्हे, आईलाही हवे होते, हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. मी डोळे पुसले आणि पुन्हा शिडीवर चढले, पण अंधारून आलं होतं आणि सेलही दमले होते.

रविवारी सकाळी काका विहारातून वंदना आटोपून आले, अंगावर पांढरे कपडे, चेहऱ्यावर आदल्या दिवसाचा रुसवा. खिशातून त्यांनी सेलांचं नवं पाकीट काढून गुपचूप माझ्या हातात दिलं. आम्ही वर गेलो, सेल घातले, देश पुन्हा निवडला, यंत्र पुन्हा परातीपुढे बांधलं आणि काकांनी परातीला हात घातला. तोच शिडी करकरली. आई वर येत होती. आई कधी धाब्यावर यायची नाही, तिला चक्कर यायची.

तिनं आमच्याकडे बघितलंही नाही. सरळ बांबूपाशी गेली आणि सुतळीच्या गाठी सोडू लागली. काका म्हणाले, आवो, आता कुठं दिशा सापडत आलीय. ती म्हणाली, "आटवडा झाला, मी ताटलीत पीठ मळतीय. माजी परात मला द्या." काकांनी भावजयीला इतक्या करड्या आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं असावं, ते बाजूला झाले. परात सुटली. यंत्र तिच्या हातात राहिलं. ते कुठं ठेवावं याचा तिनं क्षणभर विचार केला. पालथं ठेवलं तर काच घासेल. म्हणून तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, पाण्याच्या घागरीखाली घेतो ती कापडाची, ती धाब्याच्या मधोमध मातीवर ठेवली आणि तिच्यात यंत्र तान्ह्या बाळासारखं उताणं निजवलं. मग आम्हा दोघांना म्हणाली, "खाली चला. जेवल्याबिगर वर कुनी चढायचं न्हाई."

आम्ही मुकाट्यानं उतरलो. तिनं परात घासली, पीठ मळलं, भाकरी थापल्या. आठवड्यानंतर भाकरीला कड आली होती. शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. काका एकेक घास असा चावत होते की जणू त्याचा गुन्हा आहे. मी घड्याळाकडे पाहत होते. दादाला काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

जेवून मी वर गेले ती यंत्र बंद करून आणायला. सेल तरी वाचतील म्हणून. वाकले, बटणावर बोट ठेवलं, आणि बोट तसंच राहिलं.

पट्ट्या काळ्या होत्या. एक नाही, दोन नाही. चार भरगच्च, आणि मी बघत असतानाच पाचवी खालून वर चढत गेली, हंडा भरत यावा तशी. वर्तुळ नाहीसं झालं होतं. त्याच्या जागी आकडे होते. उत्तर अठरा अंश, चाळीस मिनिटं. पूर्व पंच्याहत्तर अंश, तीस मिनिटं. त्यापुढचे बारीक आकडे लुकलुकत बदलत होते, मग स्थिर झाले. मी पोरांना शेकडो वेळा अंश आणि मिनिटं शिकवली होती. पण ती कुठल्यातरी गोलावरची असायची. ही आमच्या धाब्यावरची होती, आईच्या चुंबळीवरची.

मी धपकन गुडघ्यांवर बसले. काका खालून म्हणाले, काय झालं, पडलं का?

"आलं," मी म्हटलं. मग मोठ्यानं, "काका, आलं!"

काका त्या वयात शिडीची एक पायरी सोडून चढले. आम्ही दोघं यंत्रावर ओणवे झालो, आमची डोकी एकमेकांवर आपटली, आणि एक पट्टी कमी झाली. मी काकांना ढकललं आणि स्वतःही मागे सरले, तशी ती पुन्हा भरली. तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केबलचा उपग्रह आभाळात एका जागी ठाण मांडून बसलेला असतो, म्हणून डिशला दिशा लागते. हे उपग्रह तसे नव्हतेच. ते सगळ्या आभाळभर फिरत होते, एक उगवतोय, एक मावळतोय. त्यांना शोधायला यंत्राला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. उघडं आभाळ आणि घडीभर निवांतपणा. आम्ही त्याचं तोंड परातीत खुपसलं होतं आणि आठवडाभर त्याला एका कुशीवर राहू दिलं नव्हतं. बिचारं दर वेळी विचारत होतं, तुम्ही घरात आहात का? बरोबरच विचारत होतं. त्याला आधी लिंबाच्या पानांपलीकडे, मग परातीपलीकडे दिसत काय होतं!

मी आकडे तळहातावर लिहिले. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, परत सांग. परत सांगितले. मग तिनं ते डोळे मिटून स्वतः म्हटले, न चुकता. आणि म्हणाली, आज फोन मी घेनार.

आम्ही तिघं बूथकडे निघालो, निघालो कसले, पळालो. काका पांढऱ्या कपड्यांत धोतराचा सोगा हातात धरून, आई अनवाणी. बूथवाल्यानं दार उघडंच धरलं होतं. घंटा वाजली आणि आईनं फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. मी काचेचं दार पायानं अडवून उभी राहिले. बूथवाला रागावला, पण मला ऐकायचं होतं.

"जयभीम, बाळा," ती म्हणाली. "लिही." आणि पोरानं पाढा म्हणावा तसे तिनं आकडे म्हटले. अठरा, चाळीस. पंच्याहत्तर, तीस. पुढचे बारीकही. माझ्या तळहाताकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मग तिनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. तो बटणं दाबत असणार. आमच्या तिघांच्या, बूथवाल्यासह चौघांच्या, माना पुढे झालेल्या. मग दादा काहीतरी म्हणाला आणि आई ते मोठ्यानं म्हणत गेली. "ईशान्येला व्हय? बान दावतोय? लई लांब? असू दे लांब. मंग माज्याकडनं तू कुटं आलास?" तिनं ऐकलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "नैर्ऋत्य म्हंजी कुटं?" मी बूथच्या भिंतीकडे, किल्ला जिकडे आहे तिकडे हात केला. तिनं तिकडे तोंड केलं, वायर ताणली गेली, आणि ती तशीच त्या भिंतीकडे बघत बोलू लागली.

त्यानं बहुतेक विचारलं असावं की इतकं जुनं यंत्र, सुरू झालं कसं. कारण आई म्हणाली, "कुटलं सुरू हुतंय. तुज्या काकानं माजी जर्मनची परात बांबूला बांधली. डिश म्हनं. आटवडाभर माजी परात धाब्यावर, आन मी ताटलीत पीठ मळतीय. शेवटी मी चढले आन परात काढून आनली. तवा कुटं तुजं उपग्रह आलं."

मग फोनमधून एक आवाज आला. आधी मला वाटलं लाइन खरखरतेय. तो वाढत गेला, फुटला, आणि मला दाराशी उभ्याउभ्याही ऐकू आला. पलीकडच्या आळीत कळायचा तोच. तो थांबायचा प्रयत्न करत होता आणि त्याला थांबता येत नव्हतं, परात, परात, एवढंच तो मधे मधे म्हणत होता. आईनं फोन कानापासून दूर केला आणि आमच्याकडे धरला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. काकांनी मान खाली घातली. लाइन तुटेपर्यंत तो हसत होता.

आईनं फोन जागेवर ठेवला, पदरानं पुसून. बाहेर आली. मी काही विचारलं नव्हतं, तरी ती मला म्हणाली, "हसला."

काकांनी घसा साफ केला. विचारलं, "परातीवर हसला व्हय?"

"तुमच्यावर, भावजी," आई म्हणाली आणि काकाही हसले. तिनं मान वळवून किल्ल्याच्या बुरुजाकडे पाहिलं, मी दाखवलं होतं त्या बाजूला. घरी येताना ती तिकडे बघतच चालली, आणि खड्डा आला की मी तिला दंडाला धरून बाजूला घेत होते.